झाकण

प्रयोगशाळेत तिला सगळे 'उंदरांची आई' म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण तिला ते मनापासून आवडे. एका खोलीतल्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, एवढंच तिचं काम. बाकीची उठाठेव तिनं आपणहून अंगावर घेतलेली. औषध टोचल्यावर उंदरांना फिट कधी येते ते बघायचा प्रयोग होता, आणि घरी तिच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीलाही फिट येत. मग हिचा जीव थाऱ्यावर कसा राहणार? येता-जाता झाकण उचलायची, "बरा आहेस ना रे?" विचारायची, झाकण लावायची. घरीही तेच. लेकीच्या खोलीची आतली कडी तर तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. तळहाताच्या फोडासारखं जपायचं म्हणजे जपायचं.

त्या दिवशी उंदरांच्या रक्ततपासणीचे अहवाल आले. संशोधन करणाऱ्या बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"मावशी, दोन्ही खोल्यांतले उंदीर सारखे, औषधही सारखंच. पण तुमच्या खोलीतल्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन दुप्पट निघालंय. फिटही त्यांनाच लवकर येतेय. तिथे आवाज वगैरे होतो का?"

"छे हो. मी कोणाला मोठ्यानं बोलूसुद्धा देत नाही. आपली झाकण उचलून बघत असते, तेवढंच."

"किती वेळा?"

"सारखीच," ती अभिमानानं म्हणाली.

 बाई हळूच म्हणाल्या, "वरून हात आला की तो मायेचा, हे त्यांना कुठलं कळायला? दर वेळी घाबरत असणार."

 करायला गेली एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी ती घरी परतली. लेकीच्या दारावर सवयीनं हात ठेवला आणि थबकली. उंदरांचं माणसाला कशाला लावायचं, असं तिनं मनाला बजावलं, तरी हात पुढे जाईना.

"ये ना, उघड," आतून लेक म्हणाली. "तू बघून गेलीस की मी अभ्यासाला बसते."

"मी आलेय हे कसं कळलं तुला?"

"जिन्यात तुझी चप्पल वाजली की माझ्या छातीत धडधडायला लागतं गं. आता सवय झालीय."

एवढी वर्षं जपलं, ते हे असं? तिला रडूही येईना. स्वयंपाकघरातल्या डब्यातून तिनं ती काढलेली कडी शोधली आणि मुठीत धरून दाराबाहेर भिंतीला टेकून बसली. लावावी तर भीती, न लावावी तरी भीती. आत पान उलटल्याचा आवाज आला, तेव्हाही ती डोकावली नाही.