आजीच्या कपाळावरची आठी

समजा, तुम्हाला एका आजीला राग आणायचा आहे. आजी खरी नाही, संगणकाच्या पडद्यावरची आहे. आत हाड नाही, मांस नाही. ते तुम्हीच भरायचं. भुवईला दोऱ्या बांधायच्या, नाकपुड्यांना बांधायच्या, ओठांच्या कोपऱ्यांना बांधायच्या. दोरी ओढली की तिथली कातडी हलली पाहिजे. आता भुवईची दोरी खाली ओढा. ओढा की! जरा उतरते आणि अडते. कुणीतरी आधीच तिथं खुंटी मारून ठेवली आहे.

अशा दोऱ्या बांधणं हा जिचा रोजचा उद्योग, तिला स्टुडिओत सगळे कळसूत्री म्हणतात. माहेरी अजून वाटतं की ती चित्रं रंगवते. नवरा पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढं सांगून मोकळा होतो.

ही आजी ज्या सिनेमातली, तो सहकुटुंब बघायचा होता. समुद्रकाठचं गाव, एक शूर मुलगी, तिची आजी आणि आजीचं घर पाडायला आलेला कंत्राटदार. त्या गावातले म्हातारे बघावेत. एकाचं नाक भोपळ्याएवढं, दुसऱ्याला मानच नाही, तिसऱ्याचं पोट त्याच्या आधी दारात पोचतं. प्रत्येकावर कारागिरांनी जीव ओतलेला. आणि बायका? नायिका, तिची आई, शेजारीण, मासळीवाली, सगळ्यांचं डोकं एकच. केस बदलले, ओठांचा रंग बदलला, की झाली नवी बाई. गावाची ‘संस्कृती’ तर एका दुपारात उरकली. कातडी जरा सावळी केली, गळ्यात मण्यांची माळ घातली, झग्याच्या काठाला नक्षी काढली. नक्षी कुठली, असं विचारलं तर उत्तर मिळे, ‘तिकडचीच.’ तिकडची म्हणजे कुठली, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आजीही त्याच घाण्यातून निघाली. नायिकेची फाइल कॉपी केली, केस पांढरे केले, गालांवर रेघा ओढल्या. नायिका चिडली तरी सुंदरच दिसावी म्हणून तिच्या चेहऱ्यात मारलेली खुंटीही तशीच सोबत आली. घर पडतं तो सीन पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा धुरळ्यात उभी राहून आजी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिनं ओठांचा चंबू करून पापण्या फडफडवल्या. लग्नाला होकार द्यावा तशी. सगळी खोली खिदळली.

“गोड आहे हो!” दिग्दर्शक साहेब म्हणाले.

“साहेब, तिचं घर पडतंय,” कळसूत्री म्हणाली.

“मग दे थोडा राग. थोडाच हं.”

तिनं खुंटी उपटली. आता खरा राग हवा होता. घरी येऊन ती सासूबाईंसमोर फोन धरून बसली.

“आई, जरा रागवा ना.”

“कुणावर?”

“कुणावरही. माझ्यावर रागवा.”

“एरवी रागावले की तोंड पाडून बसतेस, आणि आज मागून घेतेस? मला नाही असं हुकमी जमत.”

एवढ्यात त्यांचा लेक ओला टॉवेल पलंगावर टाकून निघून गेला. सासूबाईंची मान वळली. भुवया एकमेकींना भिडल्या, कपाळावर आठ्यांची चळत लागली, हनुवटी पुढं आली.

“धर्मशाळा वाटली का रे तुला?”

“मिळालं!” कळसूत्री ओरडली.

“काय मिळालं?”

“तुमचं तोंड, आई. सिनेमात घेते.”

“घे. पण आहे तसं घे. साखरेत घोळवू नकोस.”

कळसूत्रीनं शब्द दिला. एकेक आठी तिनं हातानं बसवली. तयार झालेला सीन फोनवर पाहून तिची लेक म्हणाली, “पुन्हा लाव,” आणि मग आरशासमोर उभी राहून भुवया चढवत बाहुल्यांना झापू लागली.

साहेबांनी सीन पाहिला आणि खुर्चीत मागं सरकले.

“मुलं घाबरतील.”

“कंत्राटदार दात विचकतो, नाकातून धूर सोडतो. त्याला नाही घाबरत?”

“तो विनोदी आहे.”

“आणि आजी?”

“आजी म्हणजे माया. रागावलेली बाई मुलांना सोसत नाही. तसा अभ्यास झालाय.”

“कुठला अभ्यास?”

साहेबांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम म्हणजे कामावर देखरेख करणारा, साहेबांचा होयबा.

“आहे, आहे,” तो म्हणाला. “वरून आलाय.”

तोडगाही त्यानंच काढला. आजीला पाठमोरं करायचं. आवाज तिचा, चेहरा कंत्राटदाराचा. लगेच त्याच्या गालांच्या थरथरीवर माणसं कामाला बसली, आणि आजीच्या अंबाड्याला छान चमक देण्यात आली. बाईचं तोंड बंद होत नसेल तर तिला भिंतीकडं तोंड करून उभी करा, ही युक्ती घरोघरी चालते. इथं तिला दिग्दर्शन म्हणतात.

सिनेमा लागला तेव्हा कळसूत्री घरच्यांना घेऊन गेली. तो सीन आला. लेक खुर्चीवर गुडघे टेकून, मान लांब करून, आजीची पुढची बाजू दिसते का ते बघत होती.

“अंबाडा दिसला,” सासूबाई म्हणाल्या. “तोंड कुठाय माझं?”

“काढलं, आई. मुलं घाबरतात म्हणे.”

“कुणाची मुलं?”

दुसऱ्या दिवशी कळसूत्री तो अभ्यास मागायला मुकादमाकडं गेली. त्यानं तिला साहेबांकडं पाठवलं, साहेबांनी पुन्हा मुकादमाकडं. तो अभ्यास कुणाच्याच टेबलावर नव्हता. पुढच्या सिनेमाच्या पहिल्या बैठकीत नव्या आजीची फाइल उघडली गेली. चेहरा तोच, खुंटी जागच्या जागी. कुणाला काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी म्हणताच कळसूत्रीचा हात वर गेला: रागावलेल्या बाईला घाबरणारी ती मुलं कुणाची, आणि त्यांना विचारायला गेलं होतं कोण?