पालथा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचल्या. गाव तळा तालुक्यात, नोकरी उरणला कंटेनर यार्डात. दोन्हीकडे अशा गोष्टी सांगणारे भरपूर, आणि त्यांना हसणाऱ्यांत मी पहिला. आज लिहितोय ते घाबरलो म्हणून नाही. सख्ख्या भावाने मला दगा दिला, असं मी सगळ्यांसमोर बोललो... आणि ते खरं की खोटं, हे माझं मलाच अजून ठरवता येत नाही, म्हणून.

नरेश माझा धाकटा भाऊ. तालुक्याच्या गावी, तळ्याला, त्याचं गॅरेज आहे. आम्हा दोघांकडे जुन्या फोर-बाय-फोर जीप. नाताळच्या सुट्टीत दोन्ही घरांनी राजस्थानात जायचं, वाळूच्या टेकड्यांवर गाड्या घालायच्या, हे बेत वर्षभर चालले होते. आईला उंट बघायचा होता. नरेशच्या बायकोने तांदळाचं पीठ किती न्यायचं तेही ठरवून टाकलं होतं, कारण तिकडची बाजरीची भाकरी आपल्याला पचायची नाही.

वाळूत गाडी घालताना एक माणूस पुढे पायी जातो. वाळू घट्ट आहे का बघतो आणि हाताने खुणा करतो. चालवणाऱ्याने फक्त त्याच्या हाताकडे बघायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खुणा आम्ही मोबाईलवरच्या व्हिडिओतून घेतल्या. तळवा वर करून बोटं हलवली की ‘ये’. हात पालथा करून खाली हलवला की ‘थांब’. माझी मुलगी तन्वी कॉलेजात आहे, ती सगळ्यांची उजळणी घेत होती. आईला मात्र पटेना. म्हणाली, “उताणा हात भीक मागायला असतो. माणसाला बोलवायचं ते पालथ्या हातानं.” आम्ही हसलो.

सरावासाठी रेवदंड्याच्या पुढे खाडीजवळ गेलो. किनाऱ्यावर गाड्यांना बंदी, म्हणून नरेशच्या एका गिऱ्हाइकाच्या नारळाच्या वाडीमागची मोकळी जागा घेतली. तिथे वाळूचा मोठा उंचवटा आहे, माथ्यावर सुरूची झाडं. रविवारची सकाळ, स्वच्छ ऊन. अंधार, धुकं असलं काही नाही, हे मुद्दाम सांगतो.

नरेश म्हणाला, “दादा, तू पायथ्याशी जाऊन थांब. मी वर जाऊन पलीकडचं बघतो, मग हात करतो.”

मी आणि तन्वी माझ्या जीपमधून वाडीला वळसा घालून पायथ्याशी जाऊन थांबलो. बाकीचे वाडीआड राहिले, तिथून दिसत नव्हते. थोड्या वेळाने नरेश माथ्यावर आला. तोच खाकी शर्ट, एकच बाही वर सारलेली, जशी त्याची सवय आहे. त्याने हात वर केला आणि बोटं हलवली. मी गाडी घातली.

तन्वी काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, “अगं, काका बोलावतोय.”

माथ्यावर पोहोचलो तर तिथे कुणीच नव्हतं. पलीकडे उतार होता आणि गाडी आवरेपर्यंत ती खाली निघालीसुद्धा. तळाशी वाळू फक्त वरवर होती, खाली खाजणाचा काळा चिखल. पुढचं चाक रुतलं आणि जीप आडवी झाली. तन्वी माझ्या अंगाखाली होती. तिच्या कोपराचा आवाज मी ऐकला. तो अजून ऐकू येतो.

नरेश धावत आला, पण पाठीमागून, वाडीच्या बाजूने. मला ते तेव्हाही जाणवलं होतं. त्यानेच तन्वीला खिडकीतून वर काढलं. आणि मी त्याला म्हणालो, “खड्ड्यात घालायला बोलावलंस काय रे मला?”

तो बघतच राहिला. “दादा, मी अजून निघालोच नव्हतो. वाळूसाठी माझ्या गाडीच्या टायरची हवा कमी करत होतो.”

मागोमाग आई आली. “तो हितंच व्हता,” ती म्हणाली. “ह्या बघ.” तिने पदर उघडला. टायरच्या व्हॉल्वच्या टोप्या, नरेशने काढून तिच्याकडे दिलेल्या.

मला वाटलं, ही नेहमीसारखी धाकट्याला पाठीशी घालतेय. नरेशची बायकोही तेच म्हणाली, माझी बायकोसुद्धा. सगळे एक झाले, मी एकटा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं! नरेश तन्वीची शपथ घ्यायला लागला, तेव्हा मी म्हणालो, “माझ्या पोरीचं नाव तुझ्या तोंडात नको.”

राजस्थान राहिलं. आईचा उंट राहिला. शिमग्यालाही मी गावी गेलो नाही.

प्लास्टर निघाल्यावर तन्वीचे हाताचे व्यायाम सुरू झाले. हात अजून पुरता सरळ होत नाही. एका दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, माथ्यावर काकाला मीही पाहिलं होतं.”

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूने होतं.

“पण तो बोलावत नव्हता. पालथा हात होता. तो थांब म्हणत होता. मी तुम्हाला सांगितलं, थांबा.”

मी डोळे मिटून ते पुन्हा पाहिलं. हात पालथाच होता. खुणा शिकलो होतो, पण स्टिअरिंगवर बसल्यावर जन्मभराची सवयच वर आली. आई बोलावते तसा हात... मी गेलो.

दुसऱ्याच दिवशी तळ्याला गेलो. गॅरेजमध्ये नरेशसमोर बसलो आणि म्हणालो, “तू मला थांबवत होतास. मीच उलटं समजलो. चुकलं माझं.”

त्याने हात पुसले.

“दादा, मी तिथं नव्हतो. बोलवायलाही नव्हतो नि थांबवायलाही नव्हतो. तुला आता वाचवणारा भाऊ हवाय म्हणून मी तिथं होतो असं म्हणू काय? तेव्हा खरं बोललो तर खोटा ठरलो. आता तुझ्या सोयीसाठी खोटं बोलणार न्हाय.”

त्याच्यावर विश्वास ठेवला, तर माथ्यावर त्याचा चेहरा घेऊन कोण उभं होतं? नाही ठेवला, तर मी माफी कसली मागत होतो? ते जे काही होतं, त्याने मला ओढलं की वाचवायला बघितलं, हेही मला माहीत नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. मला अजून काही सापडलेलं नाही.

निघताना गाडी मागे घ्यायची होती. गॅरेजची गल्ली अरुंद, एका बाजूला गटार. अशा वेळी नरेश नेहमी मागे उभा राहून हात करतो. त्या दिवशीही तो उभा राहिला, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. नुसतं तोंडाने म्हणाला, “येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे...”

मी त्या आवाजावर गाडी मागे घेतली. आरशात एकदाही पाहिलं नाही.