कूलरवर घोडा नाही

आधीच सांगून टाकते, ती नोकरी मला मिळाली नाही. आता आरामात वाचा.

मुंबईच्या एका जाहिरात कंपनीने लहान शहरांतली, वेगवेगळ्या घरांतली आठ मुलंमुली निवडली होती. सहा महिने व्हिडिओ कॉलवर शिकवणार आणि शेवटी आठांतल्या एकाला तिकडे पगारी नोकरी देणार. मला ती इतकी हवी होती की आईने रोज देवापुढे जास्तीची साखर ठेवायला सुरुवात केली आणि रेल्वेत जन्म काढलेल्या बाबांनी विचारलं की जाहिरातवाल्यांना क्वार्टर मिळतं का.

मला शिकवायला जी बाई मिळाली ती मराठी होती, मी मराठी म्हणूनच मिळाली. पहिल्याच कॉलवर मी तिला "मॅडम जी" म्हटलं. ती म्हणाली, इकडे सगळे नावाने हाक मारतात. ते काही मला जमेना, मग ताईवर तोडगा निघाला. माझं मराठी ऐकून तिला हसू यायचं, अर्धं वाक्य हिंदीत घुसतं ना माझं. झाशीत घराबाहेर मराठी बोलायला आहे कोण? पण ताई चांगली होती हं. शब्द कापायला तिनेच शिकवलं. वाचणारा बसमध्ये उभा आहे समज, म्हणायची, एका हाताने दांडा धरलाय, दुसऱ्यात पिशवी, त्याला तुझं ऐकायला वेळ नाहीये.

शेवटचं काम असं होतं की आपल्या गावातला खराखुरा धंदा घ्या आणि त्याची एका पानाची जाहिरात करा. मी झाशीबाहेरच्या बिजौलीतला कूलरचा कारखाना धरला. कारखाना म्हणजे एक शेड, पत्रा कापणारे पाच-सहा कारागीर आणि मालक, ज्यांना सगळे भैया जी म्हणतात. त्यांनी आजवर कसलीच जाहिरात केली नव्हती. फुकट करतेयस तर कर, म्हणाले.

आता खरं सांगते, घोडा पहिल्यांदा मीच काढला. मुंबईला काय आवडेल याचा विचार करत बसले आणि हात आपोआप तिकडेच गेला. मागे किल्ला, पुढे घोड्यावर राणी, हातात तलवार, आणि खाली उन्हाशी लढणारा कूलर. ताई एकदम खूश. मीही खूश. स्कूटी काढली आणि थेट बिजौली. भैया जींनी चष्मा लावून माझ्या मोबाइलवर ते पान नीट बघितलं.

"बिटिया, कूलर में पानी घोड़ा भरेगा?"

मागे कारागीर हसायला लागले. एकजण म्हणाला, झाशीत बँडवाल्यापासून कोचिंगपर्यंत सगळ्यांकडे हाच घोडा कामाला आहे, बिचाऱ्याला आता सुट्टी द्या. मी हसले, पण कान गरम झाले होते. जन्मापासून इथे राहते, आणि माझ्याच शहराचं चित्र मी बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखं काढलं होतं.

मग भैया जींनी विचारलं की तुमच्या गल्लीत कूलर कधी निघतात. आणि मला सगळं दिसलंच. ऊन तापायला लागलं की एका रविवारी सायकलवर घासवाला येतो, कूलरच्या जाळीत भरतात त्या गवताचे, म्हणजे आमच्या घासेचे, गठ्ठे बांधून. त्याची हाक आली की गल्लीतले सगळे कूलर बाहेर. रस्त्यावर आडवे पडलेले. आमचं पाणी खारं, त्यामुळे पत्र्यावर पांढरा थर, तो सगळ्यांनी सुऱ्यांनी खरवडायचा. कुणाचा पंप जाम, कुणाच्या कूलरमध्ये पालीचं अख्खं कुटुंब, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या कूलरला नावं ठेवतोय. मग कुणाचातरी एक सुरू होतो. ओल्या घासेचा वास सुटतो आणि अख्खी गल्ली त्यांच्या घरात जाऊन बसते, न बोलावता, खरवडलेल्या हातांनी. चहाही त्यांनीच करायचा.

मी तेच पान केलं. आडवे कूलर, एक उघडं दार, दाराबाहेर चपलांचा ढीग. वर एवढंच लिहिलं: "जिसका पहले चला, मोहल्ला उसी के घर।"

कॉलवर ताईला ते दाखवलं.

"पान सुंदर आहे. पण निवड करणाऱ्या पॅनेलला झाशी दिसायला हवी. कोपऱ्यात छोटासा घोडा टाक, तुझं काय जातं?"

ती माझ्या भल्याचंच सांगत होती, मला कळत होतं. नोकरी तिलाही मला मिळवून द्यायची होती. पण माझं जात होतं ना. वेगळी मुलं हवीत म्हणून आम्हाला शोधून काढलं, आणि वेगळं म्हणजे कसं तेही आधीच ठरवून ठेवलं? मी घोडा टाकला नाही. तसंच पाठवलं.

पॅनेलवर तिघे होते. मधल्या सरांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "छान आहे, पण यात झाशी कुठेय?"

"सर, ही झाशीच आहे. तुम्ही म्हणताय ती तुम्ही आधीच बघितलीय."

ताईने स्क्रीनवर डोळे मिटलेले मला दिसले.

यादीत दुसऱ्याचं नाव आलं. मी इलाइट चौराह्यावर स्कूटी कडेला लावून रडले, ओढणी तोंडावर घेऊन, ऊन लागतंय असं दाखवत. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"घोडा असता तर मिळाली असती. माहितीये ना?"

"माहितीये ताई."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या वर्षी हेच पान परत पाठवणार."

ती म्हणाली, पाठव, पण त्यातला कूलर जरा मोठा कर. मी केला.

भैया जींनी तेच पान छापून टेम्पोच्या दोन्ही बाजूंना चिकटवलंय. परवा चौराह्यावर टेम्पो अडकला होता तेव्हा एक काका ते वाचून शेजारच्याला विचारत होते की यंदा कुणाकडे बसायचं.

यंदाचे अर्ज सुरू झालेत. त्यात एक चौकट आहे, तुमच्या शहराची ओळख करून द्या. मी लिहिलंय: आमच्या गल्लीत यंदा पहिला कूलर आमचा चालला. बसायला या, चहा आमच्याकडे.