हेरेन्नियाच्या शिवेवरचा दगड

रेआते गावाच्या वरच्या डोंगरात हेरेन्नियाचं शेत होतं. गहू, थोडी ऑलिव्हची झाडं, डुकरांपुरतं रान. नवरा समुद्रापलीकडे हिस्पानियाच्या लढाईला गेला तो परत आलाच नाही. मुलाला, स्पुरियसला, तिनं एकटीनं वाढवलं. चुलीच्या देवांना पिठाची चिमूट वाहिल्याशिवाय तिच्या घरात कुणी घास मोडत नसे.

स्पुरियस वयात आला आणि भरतीचा हुकूम निघाला. ज्याच्या नावावर जमीन, त्यानं ढाल उचलायची. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला कुणी विचारत नसे.

शेजारचा त्रेमेलियस मोठा जमीनदार. तो बांधाशी येऊन म्हणाला, "वहिनी, त्या कुंभाराच्या पोरानं भरती चुकवायला अंगठा तोडून घेतला म्हणे. तुमची वाट त्याहून सोपी. शेत मला विका. पोरगा भूमिहीन झाला की त्याच्याकडे कोण ढुंकून बघतंय?"

"भाऊजी, तुमची जीभ मधात बुडवलीय. पोट मात्र तेच जुनं."

तरी तिनं ठरवलं. स्पुरियस भडकला. "बापाची जमीन विकून बायकांत बसू?"

"तुझ्या बापाची हाडं आणून दिली का कुणी मला? माती ती मातीच, पोरा. तू पोटचा आहेस."

शेत गेलं. स्पुरियस भरतीतून वाचला आणि त्याच शेतात त्रेमेलियसच्या गुलामांबरोबर मजुरीनं राबू लागला.

राहिला शिवेचा दगड. थंडी सरताना शिवेच्या देवाचा सण येई. दोन्ही शेजारी आपापल्या बाजूनं हार घालत, मधाची पोळी ठेवत, डुकराचं पिल्लू कापत. आता दोन्ही बाजू एकाच्याच. त्रेमेलियसनं दगड काढायला सांगितलं, तशी गुलामांनी कुदळी खाली ठेवल्या. शिवेचा दगड उपटणारा बैलांसकट शापला जातो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"आधी तुम्ही हात लावा, धनी," म्हातारा नांगऱ्या म्हणाला.

त्रेमेलियस हसला आणि घरी गेला. दगड गव्हात उभाच राहिला. हेरेन्निया सणाला जाऊन आपल्या बाजूनं हार घालून येई.

पुढे काही वर्षांनी नव्या कॉन्सलची, म्हणजे त्या वर्षी राज्य आणि फौज चालवायला निवडलेल्याची, माणसं रेआतेला आली. भूमिहीनही चालतील, हत्यारं सरकार देईल, असं सांगू लागली. स्पुरियसनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. त्या दिवशी नेमका तो सण होता. आई दगडापाशी बसलेली त्याला दिसली.

"आई, जिंकून आलो की शिपायांना जमीन देणार म्हणतात. आपलीही शीव होईल."

"देऊ देत. पण रिकामी जमीन कुठे असते रे? तिथंही कुणीतरी हार घालत असेल."

 तिनं हार घातला. मग दगडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूनंही एक घातला, आणि पोळीचा अर्धा तुकडा मुलाच्या शिदोरीत बांधला.