न दाखवलेला कप्पा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तिला ठाऊक नसतानाच गेली. तुला या चिठ्ठीत सांगतो, पोरा. शाळा माझी दुसरीपर्यंत, अक्षर वाकडं येईल. पण रंधा कधी वाकडा गेला नाही—असं मी चेन्नईभर सांगत फिरलो.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. गोऱ्या साहेबांच्या थाटाचं कपाट करायचं, त्यात चोरकप्पे ठेवायचे, मालकाला सगळे उघडून दाखवायचे—एक सोडून. तो सुताराचा. रिकामाच राहतो, आपल्या हातची खूण, एवढंच.

टी. नगरच्या एका अम्मांना असं कपाट करून दिलं. सागवान ओलं होतं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्यांच्या लेकीचं लग्न तोंडावर, आणि 'जमणार नाही' हे माझ्या तोंडून निघायचं नाही.

उन्हाळ्यात लाकूड आकसलं. अम्मांची हिऱ्याची एक कुडी चोरकप्प्यातून नाहीशी झाली. तो कप्पा त्या घरात अम्मांखेरीज फक्त सेल्वीला माहीत—घरकाम करायची, कपाट तीच पुसायची. मला बोलावणं आलं. "आसारी, आत अजून एखादी जागा आहे का? खरं सांगा." सुताराला इकडे आसारी म्हणतात, मानानं म्हणतात. सेल्वी दाराशी उभी होती, पदर तोंडात धरून—माझ्याकडेच बघत.

मी कपाट जरा कलतं केलं. आत—खळ्. बारीकसा आवाज. कुडी फटीतून घरंगळून माझ्या कप्प्यात पडली होती. आणि मी—मी खोकलो. आवाज बुडावा म्हणून मोठ्यानं खोकलो. मग म्हणालो, "माझ्या कामात फट शोधताय, अम्मा? केस जायचा नाही."

चोर जोडीतली एकच कुडी नेतो का? कुणी विचारलं नाही. सेल्वीला घालवलं. त्या गल्लीत तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही, नवऱ्यानंही नाही. पुढं तिचं काय झालं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं—म्हणून.

अम्मा आता नाहीत. कपाट आहे. पोंगलच्या आधी त्यांची सून मला पॉलिशला बोलावते, तात्ता म्हणते, म्हणजे आजोबा. दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लागू देत नाही. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा ताठा. एक खिट्टी दाबायची, कप्पा उघडतो. माझं बोट तिथवर जातं—आणि परत येतं.

परवाही गेलो होतो. मागची बाजू पुसायला कपाट कलतं केलं. आत वाजलं.

"तात्ता, काय वाजलं हो?" सून म्हणाली.

मी खोकलो.