न हललेला हात

हिंदी मुलखातल्या आमच्या रांझी वस्तीकडून सकाळच्या पाळीला निघालेले आम्ही सायकलवाले एकामागे एक चालतो. पुढच्याला खड्डा दिसला की तो त्या बाजूचा हात खाली सोडून दोनदा हलवतो. मागचा ते बघून वळतो आणि आपला हात हलवतो. फॅक्टरीच्या गेटपर्यंत हे असंच चालतं, कुणी शिकवलेलं नाही. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. विसंबायचं ते तिच्यावर.

तीन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी ती पाठ माझी होती. मागे शेजारचे भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, लेथवर काम करणारे. आदल्या आठवड्यात मराठी मंडळाच्या गणपतीत माझी मुलगी मराठीत बोलायला उभी राहिली आणि दोन वाक्यांतच हिंदीवर गेली. भाऊ खुर्चीतून म्हणाले, "अच्छा, म्हणजे बाप्पाला आता दुभाष्या लागते." सगळे हसले. मुलगीही हसली. मी मात्र भाऊंशी बोलणं टाकलं. त्या सकाळीही ते मागून विचारत होते, "काहून रे, तोंडात पान धरलं काय?" मी नुसता पायडल मारत राहिलो.

पाइपलाइनसाठी खोदलेला आणि नुसत्या मातीनं बुजवलेला पट्टा पावसात खचला होता. वर गढूळ पाणी. उजवीकडचा तो खड्डा मला दिसला. मी डावीकडे वळलो. हात हलला नाही.

इथं आलो की मी अडकतो. हात मुद्दाम थांबवला की रागाच्या भरात राहून गेला, मला सांगता येत नाही. कधी वाटतं, तेवढ्या चिखलात हँडल दोन्ही हातांनी धरणं भागच होतं. कधी स्पष्ट आठवतं की हात सुटत होता आणि मी बोटं आवळली. पण हे खरंच आठवतं, की नंतर मीच ते आठवणीत नेऊन बसवलं?

भाऊ त्या खड्ड्यात पडले, उजवं मनगट मोडलं. जुळलं, पण पुरतं वळेना. बोटांनी चाचपून माप सांगणारा माणूस स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट देऊ लागला.

प्लास्टर असतानाच रस्त्याबद्दल अर्ज करायचं ठरलं. हात त्यांचा बांधलेला, म्हणून लिहायला मी. ते सांगत गेले, "लिही, गड्ढा पानी से भरा था. आगे चल रहे साथी को भी दिखाई नहीं दिया." मी लिहिलं. चहा ठेवताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही होते म्हणून बरं, भाऊजी."

अर्जानंतर कधीतरी खड्ड्यात गिट्टी, म्हणजे खडी, पडली. पुढच्या पावसात ती वाहून गेली. मी दुसरा अर्ज लिहिला, ओळ तीच. रस्त्याला शिव्या घालणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असे. रस्ता दोषी होताच, त्यात खोटं काहीच नव्हतं.

यंदा तिसरा अर्ज. ती ओळ आली आणि मी पेन खाली ठेवलं.

"भाऊ, खड्डा मला दिसला होता. मी हात नाही दाखवला."

ते मनगट चोळत राहिले. वहिनी आत कुकरपाशी होत्या. मग म्हणाले, "मी तरी कुठं तुझ्या हाताकडे पाहून राहिलो होतो? जलेबीवाल्याची कढई पाहत होतो."

"खरंच?"

"आता काय माहीत बा." अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "ते वाक्य काढ. बाकीचं राहू दे. खड्डा तर आहेच ना."

माफ केलं की नाही, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल माझ्यापुढे काढली. "चलो, आज मी पुढं." त्या खड्ड्यापाशी त्यांचा उजवा हात खाली आला. मनगट वळत नव्हतं, म्हणून त्यांनी कोपरापासून सगळा हात हलवला, दोनदा. ते सवयीनं होतं की मला दाखवण्यासाठी?

मी वळलो. माझ्या मागे कुणीतरी होतं. मी हात सोडला आणि हलवला. खाली चिखल तसाच होता. एका हातानंही हँडल सरळ राहिलं.