गावंड सरांची सही

नवी इमारत दिसली की गावंड सर थांबायचे. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचे, दोन पावलं मागे सरून मान वर करायचे आणि मार्क द्यायचे. "दहापैकी चार," असं म्हणून पिशवी उचलून चालायला लागायचे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी सगळं नेरूळ तपासायला घेतलं होतं. बसस्टॉपसमोरच्या काचेच्या टॉवरला त्यांनी एकदा दीड मार्क दिला. दीड कशाचा, असं मी विचारलं. "एक वॉचमनच्या केबिनचा, तिला खिडकी आहे. अर्धा रंगाऱ्याचा."

नव्या इमारती त्यांना आवडत नसत असं नाही. कोपऱ्यावरच्या सात मजली इमारतीला त्यांनी आठ मार्क दिले होते. "सातव्या मजल्यावरून आई खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारू शकते," ते म्हणायचे. "त्याच्या वर गेलं की फोन लावावा लागतो." खालचे चार मजले पार्किंगला दिलेल्या इमारती पाहून मात्र ते हसायचे. गाड्यांना जमीन आणि माणसांना माळा, असा त्यांचा शेरा असे. मूळचे ते जासई गावचे. वडिलांची शेती या शहराखाली गेली, तरी त्याबद्दल ते कधी कडवट बोलले नाहीत. आमच्याशी त्यांची भाषा शाळेतली, शुद्ध. घरात बायकोशी, आमच्या काकूंशी, मात्र गावची बोली, तीही दार लोटून घेतल्यावर.

आमची इमारत तळमजला आणि वर तीन मजले, अशी जुनी. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला आम्ही, समोर सर. माझी आई संधिवातानं अधू झालेली. दोन वर्षांत ती तीनदाच खाली उतरली होती, तीही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चार जणांच्या हातांवर. मी तुर्भ्याच्या एका कंपनीत नोकरी करायची. दिवसभर आई खिडकीशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय मोजायची. त्यामुळे सोसायटीत पुनर्विकासाची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांत आधी उभी राहिले ती मी. सोळा मजले होणार होते. मला फक्त लिफ्ट दिसत होती.

संमतिपत्रं फिरवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांनी सह्या दिल्या, सरांनी दिली नाही. बहुमत होतं, पण एकजण जरी अडून बसला तरी काम कोर्टात लटकतं, म्हणून बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. मी तीनदा त्यांच्या दारात गेले. तिन्ही वेळा ते बाहेर जिन्यात येऊनच बोलले. आत्ता नको, एवढंच. कारण सांगितलं नाही. सोसायटीत बोलणं सुरू झालं की म्हातारा जास्तीची जागा मागतोय. मीटिंगमध्ये कुणीतरी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं, तेव्हा ते खाली बघत बसून राहिले. त्याच मीटिंगमध्ये मी त्यांना म्हणाले, "सर, तुमचे पाय चालतात, म्हणून तुम्हाला हे सुचतंय."

त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी नेहमीसारखे आईला पेपर वाचून दाखवायला आले. मीच त्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहिले.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी आमच्या छताचा मोठा पोपडा सुटला आणि आईच्या पलंगावर कोसळला. आवाज ऐकून सर्वांत आधी सर धावले. आम्ही किल्ली त्यांच्याकडे ठेवायचो. मी तुर्भ्याहून पोचेपर्यंत त्यांनी हातांनी मलबा उपसून, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन आईला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. तिचा खांदा मोडला होता. सरांचे केस, भुवया सिमेंटनं पांढऱ्याफटक झाल्या होत्या आणि दोन नखांतून रक्त येत होतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मीनल, तो कागद आहे का जवळ?"

तो माझ्या ऑफिसच्या बॅगेत कायम असायचा. त्यांनी सही केली. चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर, पण त्या दिवशी ओळ वाकडी गेली. मग त्यांनी एकच विचारलं: काम होईपर्यंतचं भाड्याचं घर याच गल्लीत मिळेल का? बघू, असं मी म्हटलं आणि आईच्या एक्स-रेसाठी निघून गेले. ते बघायचं राहिलं. सगळी इमारत एकदम बाहेर पडल्यावर जवळपास घर मिळेना, आणि सरांना कळंबोलीला, ट्रकांच्या रस्त्यावर घर घ्यावं लागलं.

तीन महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. दाराला आतून कुलूप होतं. आत प्रत्येक दारावर एकेक चित्र चिकटवलेलं: एका दारावर बादली आणि तांब्या, एकावर चूल, एकावर पलंग. काकू भिंतीला हात लावत लावत चालत होत्या आणि कोपरा आला की थांबत होत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मना घरा जावाचं हाय."

मग सरांनी सांगितलं. सहा वर्षांपासून काकूंची आठवण जात होती. माणसं गेली, नावं गेली, अक्षरं गेली. पण जुन्या घरात त्या कुणाच्या मदतीशिवाय वावरायच्या, चहासुद्धा करायच्या. "तिला काही आठवत नव्हतं, पण तिच्या हाताला घर पाठ होतं," सर म्हणाले. डॉक्टरांनी बजावलं होतं की शक्यतो घर बदलू नका.

"सर, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तिनं शपथ घातली होती, चांगली होती तेव्हा. लोकांना नका सांगू, येडी म्हनतील, म्हणाली." मग म्हणाले, "तुझ्या आईच्या अंगावरचं सिमेंट काढताना मला कळलं की आपण कुणाच्या जिवावर ती शपथ पाळतोय."

त्यानंतर पंधरा दिवसांनी सर अंघोळीला गेले असताना कुलूप उघडं राहिलं. काकू रिक्षात बसल्या. स्वतःचं नाव विसरलेल्या बाईनं रिक्षावाल्याला नेरूळचा पत्ता बिनचूक सांगितला. आमच्या इमारतीच्या जागेला तेव्हा पत्र्याचं कुंपण होतं आणि आत खड्डा. तिथल्या वॉचमननं सोसायटीच्या फलकावरचा माझा नंबर फिरवला. मी पोचले तेव्हा काकू त्या पत्र्यावरून दोन्ही हात फिरवत कडी शोधत होत्या. तळवे काळे झाले होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण माझा हात धरला.

"बाय, माजं घर हितंच व्हतं ना?"

मी दुसऱ्या हातानं सरांना फोन लावला. ज्या कागदानं ते घर गेलं, तो मीच दारोदार फिरवला होता. अर्ध्या तासानं सर आले, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. त्यांनी काकूंच्या हातांवरची माती स्वतःच्या रुमालानं पुसली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच गावच्या बोलीत बोलले, "हाय गं, हितंच हाय. रंगाचं काम चाललाय. दोन दिसांनी येव आपुन." काकूंना ते पटलं. त्या मुकाट्यानं रिक्षात बसल्या.

त्या दिवसानंतर काकूंनी अंथरूण धरलं आणि पावसाळा संपायच्या आत गेल्या. सर जासईला भावाकडे राहायला गेले.

तीन वर्षांनी नव्या घरांचा ताबा मिळाला, तेव्हा सर किल्ली घ्यायला आले. खूप वाळले होते. नवव्या मजल्यावरच्या आपल्या घराचं दार त्यांनी उघडलं आणि बाहेरच उभे राहिले. मला म्हणाले, आत जाऊन बघ, स्वयंपाकघरात वारा येतो का. मी बघून आले, येतो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

लिफ्टशी मी त्यांना म्हणाले, "सर, मी तेव्हा तुम्हाला नीट विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस, तरी मी खोटंच सांगितलं असतं," ते म्हणाले. "आईला रोज खाली ने. न्यायला हयगय करू नकोस."

पुढे सर वारल्याचं मला त्यांच्या पुतण्यानं फोनवर कळवलं. आईची तब्येत तेव्हा नाजूक होती, बरेच दिवस ती खाली उतरली नव्हती. तिला सांगायचं म्हणत म्हणत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी मी तिला चाकाच्या खुर्चीतून लिफ्टनं खाली नेलं. ती बदामाच्या झाडाखाली बसली, पाय पुढे करून चप्पल काढली आणि तळवे जमिनीला टेकवले. बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "गावंड सरांना फोन कर. म्हणावं, मी खाली आलेय."

मी फोन कानाला लावला आणि जरा लांब जाऊन उभी राहिले.